मागचं इंजिन

चाळीसगावहून मनमाडकडे निघालं की
रूळ चढतोय हे डोळ्यांना कळत नाही.
कोळशाला कळतं.
हिरापूर सुटल्यावर मी मिनिटाला किती बेलचे टाकायचो
ते खांद्यांना विचारा,
उजवा अजून डाव्यापेक्षा खाली आहे.

आमचं इंजिन मागचं.
गाडीला जोडलेलं नाही, नुसतं टेकलेलं,
चिखलात रुतल्या गाडीला वाटसरू खांदा लावतो तसं.
माथ्यावर चुना फासलेला दगड आला की वाफ बंद.
गाडी पुढे निघून जायची,
तिचा तांबडा दिवा बारीक होत जायचा
आणि आम्ही उलट्या पावली, रिकामे, घराकडे.
सहा वर्षं मी त्या दगडापलीकडचं रान पाहिलं नाही.

पुढच्या इंजिनावर बहुतेक हिलाल बोरसे.
मागच्यावर, माझ्या शेजारी, धुडकू बोरसे.
सख्खे. एका ताटात जेवलेले.
साठ सालच्या संपात हिलालने पोलीस बसवून गाडी काढली
तेव्हा धुडकू फाटकापाशी रुळावर बसला होता.
एवढंच.
एवढं पुरलं.

त्यानंतर बोलणं फक्त शिट्टीचं.
पुढून: निघू?
मागून: निघ.
तेही नियमाच्या पुस्तकात होतं म्हणून.
कधी धुडकू कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा,
"आज त्याना गळा बठेल शे."
वाफ ओली असेल, मी म्हणायचो.
"तू कोळसा टाक, सुभान."

टोळ आले त्या वर्षी.
दिवेलागणीला बाभळी एकाएकी तपकिरी झाल्या
आणि वारा नसताना हलू लागल्या.
रुळावर बोटभर थर, चाकाखाली चिरडून त्याचं तेल.
सरकीच्या, गाठींच्या चाळीस वाघिणी
अर्ध्या चढावर थबकल्या.
पुढची चाकं जागीच भिरभिरल्याचा आवाज आला,
मग एक शिट्टी,
मग नुसते टोळ.
सगळं वजन आमच्या अंगावर.
धुडकूचा एक हात ब्रेकवर, एक वाफेवर,
तोंडातली तंबाखू थुंकायलाही तो वळला नाही.
मी काचेतलं पाणी बघत होतो.
दोन बोटं. दीड.

मग वाघिणींच्या कडेकडेने एक कंदील येताना दिसला.
हिलाल. हातात बादली.
खाली उभा राहून मला म्हणाला,
"त्याले सांग, मनी वाळू सरनी."
धुडकू समोर बघत मला म्हणाला,
"त्याले सांग, पेटी उघडी शे."
चार हातांच्या अंतरात मी निरोप पोचवले.
हिलालची बादली बुडाला फुटकी निघाली,
भरली तेवढी वाळू गळून पायाशी ढीग झाला.
धुडकूने आमची बादली पायाने सरकवली.
टोळ दोघांच्या टोप्यांवर, मिशांवर.
कुणी कुणाचा झटकला नाही.
जाता जाता हिलालने विचारलं, मलाच,
"पानी किती शे?"
एक बोट, मी म्हणालो.
तर तो पळाला.
पन्नाशीचा माणूस, भरली बादली, चाळीस वाघिणी,
कंदील वेड्यासारखा हेलकावत.

त्या रात्री दगडाशी आम्ही वाफ तोडली
तेव्हा पुढून एक आखूड शिट्टी आली.
असली शिट्टी पुस्तकात नाही.
धुडकूने दोरी धरली.
धरून ठेवली.
ओढली नाही. म्हणाला, "पाणी भरून घे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघू, निघ.
फुटकी बादली धुडकूने बाजारातून डाग लावून आणली
आणि आमच्या खुंटीला अडकवली.
मी पुसायचो, तीत कधी काही ठेवलं नाही.

मग खांब उभे राहिले, तारा आल्या.
विजेच्या इंजिनाला चढ कळत नाही,
मागून कुणी लागत नाही.
शेवटच्या दिवशी धुडकू खाली उतरला
तेव्हा त्याच्या हातात डबा नव्हता, ती बादली होती.
परत करणार का, मी विचारलं.
म्हणाला,
"आपली त्यानाजोडे शे ना अजून."